हरभरा न चिरता आत डोकावायचं कसं? : एमआर मायक्रोस्कोपीच्या प्रोबविषयी



परिसर अभ्यासात बी रुजण्याचा प्रयोग आपण सगळेच घेतो. हरभरे रात्रभर भिजत घालायचे, ओल्या फडक्यात बांधायचे आणि दर काही तासांनी एक हरभरा उभा चिरून मुलांना दाखवायचा. पाणी कुठवर पोचलं, कोंब किती हलला, हे मुलं वहीत काढतात. प्रयोग छानच आहे, पण त्यात एक गोम आहे. चिरलेला हरभरा पुढे रुजत नाही. सहाव्या तासाला पाहिला तो हरभरा वेगळा आणि बाराव्या तासाला पाहिला तो वेगळा. वहीत 'एका बियाची गोष्ट' म्हणून जे उतरतं, ती खरं तर सात-आठ वेगवेगळ्या बियांची गोष्ट असते. एखादं चौकस मूल हे नेमकं पकडतं आणि विचारतं, "मॅडम, दवाखान्यात माणसाचा एमआरआय काढतात, तसा हरभऱ्याचा नाही का काढता येणार?"

येतो. त्याला एमआर मायक्रोस्कोपी, म्हणजे चुंबकीय अनुनाद सूक्ष्मदर्शन म्हणतात. पण दवाखान्यातल्या यंत्राच्या बोगद्यात हरभरा ठेवून ते काम होत नाही. मुलांचा, आणि खरं सांगायचं तर मोठ्यांचाही, असा समज असतो की यंत्र जितकं मोठं आणि महाग तितकं त्याला बारीक दिसतं. इथे निम्मी गोष्ट उलटी आहे. चुंबक ताकदवान लागतो हे खरं, पण बारीक बघायचं असेल तर नमुन्याभोवतीचं 'कान' देऊन ऐकणारं साधन लहान करावं लागतं. त्या साधनाला प्रोब म्हणतात. आजचा लेख त्या प्रोबबद्दल आहे.

आधी थोडं एमआरआयबद्दल

पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात आणि हायड्रोजनचं केंद्रक म्हणजे एकटा प्रोटॉन. हा प्रोटॉन इवल्याशा चुंबकासारखा वागतो. त्याला मोठ्या चुंबकात ठेवलं की तो भोवऱ्यासारखा डुलतो. भोवरा मंदावायला लागला की त्याचं डोकं गोल गोल फिरतं ना, अगदी तसं. हे डुलणं किती वेगाने होणार ते चुंबकाच्या ताकदीवर ठरतं. १ टेस्लाच्या क्षेत्रात सेकंदाला सुमारे ४ कोटी २६ लाख फेऱ्या, म्हणजे ४२.६ मेगाहर्ट्झ. दवाखान्यात १.५ टेस्लाचं यंत्र असेल तर ६४ मेगाहर्ट्झ, ३ टेस्लाचं असेल तर १२८. आपला एफएम रेडिओ ८८ ते १०८ मध्ये लागतो, म्हणजे या दोन्हींच्या बरोबर मध्ये. म्हणून तर एमआरआयच्या खोलीला आतून धातूचं अस्तर असतं. बाहेरचे रेडिओ कार्यक्रम आत आलेले चालत नाहीत.

त्याच वारंवारितेच्या रेडिओलहरींचा एक छोटा झटका दिला की सगळे प्रोटॉन एका तालात डुलू लागतात. जवळ तारेची कॉइल असेल तर तिच्यात अगदी क्षीण विद्युतदाब तयार होतो. दहावीच्या पुस्तकातलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच: चुंबक हलला की जवळच्या कॉइलमध्ये प्रवाह वाहतो. फक्त इथे हलणारे चुंबक म्हणजे पाण्यातले प्रोटॉन.

आता संदेश कुठून आला ते कसं कळणार? त्यासाठी चुंबकीय क्षेत्र मुद्दाम एका बाजूला किंचित कमी आणि दुसऱ्या बाजूला किंचित जास्त ठेवतात. पेटीवर डावीकडून उजवीकडे गेलं की स्वर चढत जातो आणि नुसता स्वर ऐकून पट्टी कोणती ते जाणकार सांगतो, तसं वारंवारितेवरून जागा कळते. या चढाला ग्रेडियंट म्हणतात.

अडचण कुठे येते

अडचण आवाजाची आहे. साध्या तापमानाला चुंबकाच्या दिशेने असलेले आणि उलट दिशेने असलेले प्रोटॉन जवळजवळ सारखेच असतात आणि एकमेकांना खोडून काढतात. १.५ टेस्लाला दर १० लाख प्रोटॉनांमागे जेमतेम ५ शिल्लक राहतात. आपण ऐकतो तो आवाज त्या पाचांचा.

माणसाच्या एमआरआयमध्ये चित्राचा एक ठिपका साधारण १ मिलिमीटर बाजूच्या घनाचा असतो असं धरू, म्हणजे साखरेच्या एका दाण्याएवढा. बियाच्या आत बघायला तो फार मोठा पडतो. समजा आपल्याला १० मायक्रोमीटर बाजूचा ठिपका हवा. बाजू १०० पट लहान झाली, म्हणजे घनफळ १०० गुणिले १०० गुणिले १००, एकूण १० लाख पट लहान. पाणी १० लाख पट कमी, तर संदेशही १० लाख पट कमी. (घनफळाचा धडा घेताना हे उदाहरण जरूर सांगा. बाजू निम्मी केली की घन एक अष्टमांश होतो, हे मुलांना पटता पटत नाही.)

मग पुन्हा पुन्हा मोजून सरासरी काढली तर? उपयोग होतो, पण फार हळू. १०० वेळा मोजलं तर संदेश १०० पट साठतो आणि खरखर १० पट साठते, म्हणजे फायदा फक्त १० पटीचा. फायदा वर्गमुळाने वाढतो. १० लाख पट तोटा नुसत्या सरासरीने भरून काढायचा तर १० लाखाच्या वर्गाइतक्या वेळा, म्हणजे १ लाख कोटी वेळा मोजावं लागेल. सेकंदाला एक मोजणी धरली तरी सुमारे ३१,७०० वर्षं! तोवर हरभऱ्याचं काय झालं असेल ते सांगायला नको.

कॉइल लहान करा

या कोड्याची किल्ली १९७६ साली ऑक्सफर्डच्या डेव्हिड हौल्ट आणि रेक्स रिचर्ड्स यांच्या एका शोधनिबंधात नीट मांडलेली सापडते. त्यांचं म्हणणं सोप्या भाषेत असं: कॉइल किती चांगली ऐकते हे जाणायचं असेल तर तिला बोलायला लावा. तिच्यातून १ अँपिअर प्रवाह सोडला तर नमुन्याच्या जागी जितकं जास्त चुंबकीय क्षेत्र तयार होईल, तितकी ती ऐकायला तरबेज. आणि तेवढ्याच फेऱ्यांची, त्याच घडणीची कॉइल व्यासाने निम्मी केली की मध्यभागचं क्षेत्र दुप्पट होतं. कॉइल लहान, कान तीक्ष्ण.

आता मघाचं गणित पुन्हा करू. डोक्याच्या कॉइलचा व्यास सुमारे ३० सेंटिमीटर धरा. त्याऐवजी ३ मिलिमीटरची कॉइल घेतली तर फायदा १०० पट. मोजण्यांची संख्या वर्गाने घटते, म्हणजे १०,००० पट. ३१,७०० वर्षांची साधारण ३ वर्षं झाली. आता १.५ टेस्लाऐवजी ९.४ टेस्लाचा चुंबक घेऊ. हौल्ट-रिचर्ड्स यांच्या हिशेबाने त्याचा फायदा सुमारे २५ पट, मोजण्या ६२५ पट कमी. ३ वर्षांचे झाले साधारण ४४ तास. कॉइल १ मिलिमीटरची करता आली तर ५ तास. हा ढोबळ हिशेब आहे, कारण माणसाच्या तपासणीत बरीचशी खरखर कॉइलपेक्षा माणसाच्या शरीरातूनच येते. पण चुंबकावर खूप पैसे खर्च करून जे मिळतं, त्याच्या चौपट फायदा तारेचं वेटोळं लहान करून मिळतो, हे त्यातून स्पष्ट दिसतं. मला या विषयात सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच.

खरं तर एमआरआयची सुरुवातच लहान वस्तूंपासून झाली. पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली 'नेचर' मध्ये छापलेलं पहिलं चित्र होतं पाण्याच्या दोन केशनळ्यांचं. प्रत्येकीचा आतला व्यास १ मिलिमीटर, आणि दोन्ही ४.२ मिलिमीटरच्या एका नळीत बसवलेल्या. पुढे त्यांनी एका जिवंत प्राण्याचं चित्र घेतलं, तो होता त्यांच्या मुलीने समुद्रकिनाऱ्यावर वेचलेला एक छोटासा शिंपला. मुलं खिशातून काय काय घेऊन येतात म्हणून वैतागणाऱ्या पालकांनी हे लक्षात ठेवावं! लॉटरबर यांना २००३ साली पीटर मॅन्सफील्ड यांच्यासोबत नोबेल मिळालं.

१९८६ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या गटाने बेडकाच्या एका अंडपेशीचं चित्र घेतलं. एकाच पेशीचं हे पहिलं एमआर चित्र, त्यात पेशीचं केंद्रक वेगळं ओळखू येत होतं. ठिपका १० बाय १३ मायक्रोमीटरचा, पण काप २५० मायक्रोमीटर जाड. ही युक्ती लक्षात घ्या. काप जाड ठेवला की पाणी जास्त मिळतं, आवाज वाढतो आणि समोरून बघताना चित्र तरीही बारीक दिसतं. २००२ पर्यंत ओहायो राज्य विद्यापीठात तिन्ही बाजूंनी ४ मायक्रोमीटरपेक्षा लहान ठिपका साधला गेला, अर्थात अतिसूक्ष्म कॉइल वापरून.

प्रोब घडवताना

'लहान कॉइल करा' म्हणणं सोपं आहे. करायला बसलं की एकेक गोष्ट आडवी येते.

पहिली गोष्ट आकाराची. सगळ्यात तीक्ष्ण कान नालकुंतलाचा, म्हणजे स्प्रिंगसारख्या वेटोळ्याचा. खोगिराच्या आकाराच्या कॉइलपेक्षा तो सुमारे तिप्पट चांगला. पण नालकुंतलाचा अक्ष मुख्य चुंबकीय क्षेत्राला काटकोनात असावा लागतो. प्रयोगशाळेतले चुंबक बहुधा उभ्या बोगद्याचे असतात आणि त्यांचं क्षेत्रही उभं. म्हणजे नालकुंतल आडवा ठेवायचा आणि नमुना आडवा सरकवायचा. हरभऱ्याला त्याचं काही वाटत नाही. पण मुळं खाली आणि कोंब वर असं वाढणारं रोप आडवं कसं ठेवणार? तिथे खोगिरी किंवा पिंजऱ्यासारखी कॉइल घेतात, रोप उभं ठेवतात आणि थोडा आवाज गमावतात. पानासारख्या चपट्या नमुन्याला वरून टेकवायची चपटी कॉइल बरी पडते. म्हणून एकच प्रोब सगळ्याला चालत नाही. शिंपी जसा अंगाचं माप घेऊन कपडा बेततो, तसा नमुना बघून प्रोब बेतावा लागतो.

दुसरी गोष्ट सूर जुळवण्याची. कॉइलला कपॅसिटर जोडून तिचा सूर प्रोटॉनच्या वारंवारितेशी जुळवतात, रेडिओचं स्टेशन लावतो तसाच. ३ मिलिमीटर व्यासाची, ५ मिलिमीटर लांबीची, ५ फेऱ्यांची कॉइल घेतली तर तिचं इंडक्टन्स सुमारे ३५ नॅनोहेन्री येतं. ९.४ टेस्लाला, म्हणजे ४०० मेगाहर्ट्झला, तिच्यासाठी ४ ते ५ पिकोफॅरडचा कपॅसिटर लागतो. इथे गंमत अशी की जोडणीची साधी १ सेंटिमीटर तारही १० नॅनोहेन्रीच्या आसपास भरते. जिला आपण नुसती 'जोडणी' समजतो, ती कॉइलच्या पाव हिश्शाहून जास्त झाली, आणि तिच्यातून जाताना आवाज विनाकारण खर्च होतो. म्हणून कपॅसिटर कॉइलच्या अगदी कुशीत बसवतात. शिवाय ४०० मेगाहर्ट्झला प्रवाह तांब्याच्या फक्त वरच्या ३ मायक्रोमीटरच्या थरातून वाहतो. तार आत कितीही जाड असली तरी उपयोग नाही, तिचा पृष्ठभाग मात्र स्वच्छ आणि गुळगुळीत हवा.

तिसरी गोष्ट मला वाचताना सगळ्यात नवी वाटली. तांबं चुंबकाला चिकटत नाही म्हणून आपण ते निरुपद्रवी समजतो. पण प्रत्येक पदार्थ चुंबकीय क्षेत्र किंचित तरी वाकवतो. पाणी आणि तांबं दोन्ही क्षेत्राला दर १० लाखांत सुमारे ९ ते ९.६ इतक्या मानाने विरोध करतात, हवा जवळजवळ काहीच करत नाही. म्हणजे तांबं आणि पाणी एका जातीचे आणि हवाच मध्ये परकी! कॉइल नमुन्याला खेटून असल्यामुळे तारा आणि हवा यांच्या सीमेवर होणारी ही वाकडीतिकडी गडबड थेट नमुन्यात शिरते.

'१० लाखांत एक' म्हणजे किती, तर बघा. ४०० मेगाहर्ट्झला त्याचे ४०० हर्ट्झ होतात. चित्राच्या एका ठिपक्याला आपण १०० हर्ट्झ दिले असतील तर तो भाग चित्रात चार घरं सरकून बसतो, म्हणजे ४० मायक्रोमीटर चुकीच्या जागी. याच 'दहा लाखांत काही' एवढ्या फरकावर रसायनशास्त्रज्ञ रेणूतले हायड्रोजन वेगवेगळे ओळखतात. १९५१ साली स्टॅनफर्डमध्ये अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी अल्कोहोलमधल्या हायड्रोजनच्या तीन वेगळ्या रेषा दाखवल्या होत्या. त्यांतले धर्मट्टी पुढे मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथे या विषयाचा गट त्यांनी उभा केला. एकाचं साधन ते दुसऱ्याची डोकेदुखी, असं हे आहे.

उपाय मोठा शहाणपणाचा आहे. परकी हवाच काढून टाकायची! इलिनॉय विद्यापीठातल्या गटाने १९९५ साली अगदी छोट्या कॉइलभोवती एफसी-४३ नावाचा द्रव भरला. त्याचा चुंबकीय गुण तांब्याच्या जवळचा आहे. कॉइल त्यात बुडाली की तारा आणि भोवताल यांत क्षेत्राच्या दृष्टीने फारसा फरकच उरत नाही. आणि या द्रवात हायड्रोजन नाही, त्याच्या जागी फ्लोरिन आहे, त्यामुळे तो स्वतः मध्येच बोलत नाही. हा दुसरा मुद्दाही महत्त्वाचा. प्रोबमधला डिंक, प्लॅस्टिक, तारेवरचं इनॅमल, सगळ्यांत हायड्रोजन असतो. नमुना इवलासा असेल तर नखभर डिंकसुद्धा त्याच्यापेक्षा मोठ्याने बोलू शकतो. बाजारातल्या साध्या कपॅसिटरांच्या टोकांवर निकेलचा मुलामा असतो आणि निकेल तर चुंबकीयच, म्हणून मुद्दाम बिनचुंबकीय कपॅसिटर घ्यावे लागतात.

ग्रेडियंटबद्दल थोडक्यात सांगते. १० मायक्रोमीटरच्या ठिपक्याला १०० हर्ट्झ द्यायचे तर दर मीटरला सुमारे ०.२३५ टेस्लाचा चढ हवा, दवाखान्यातल्या यंत्राच्या कित्येक पट. आणखी बारीक जायचं तर १ टेस्लाच्या पुढे. ग्रेडियंटची कॉइलही लहान असते म्हणून हे जमतं, पण ती तापते आणि तिला पाण्याने थंड ठेवावं लागतं. नाहीतर आपला हरभरा उकडायचा.

पाणी स्वतःही स्वस्थ बसत नाही. खोलीच्या तापमानाला पाण्याचा रेणू १० मिलिसेकंदांत एका दिशेने सरासरी ७ मायक्रोमीटर भटकतो. फोटो काढताना मूल हललं की चेहरा पुसट येतो, तसंच हे. त्यामुळे साध्या काचेच्या सूक्ष्मदर्शकाची बारकाई इथे येत नाही, तो मायक्रोमीटरच्या पाव भागापर्यंतही पोचतो. पण तो पारदर्शक पातळ कापच बघू शकतो, आणि काप घेतला की जीव गेला. उलट हे भटकणं मोजताही येतं. न्यूझीलंडचे पॉल कॅलहन यांनी या विषयावर १९९१ साली मोठा ग्रंथ लिहिला. त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या १९८८ सालच्या कामात गव्हाच्या दाण्याच्या आत पाणी कसं खेळतं, हे दाणा न चिरता दिसलं.

कॉइल गोठवण्याचाही उपाय आहे. खरखर तापमानासोबत घटते, म्हणून काही प्रोबमधली कॉइल उणे २५० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात. पण नमुना जिवंत, म्हणजे तो गरमच हवा. मग मध्ये निर्वात भिंत आली, भिंतीमुळे कॉइल लांब गेली आणि लांब गेली की कान मंदावला. अगदी छोट्या नमुन्याला म्हणूनच साधी, खेटून बसवलेली कॉइल बरेचदा सरस ठरते.

वर्गात करून बघायला

कॉइल लहान केली की काय होतं ते वरच्या वर्गांत दाखवता येतं. मोटार रिवायंडिंगच्या दुकानातून इनॅमलची तांब्याची बारीक तार आणा. एका सुमारे ८ सेंटिमीटरच्या डब्यावर ५० फेऱ्या आणि एका २ सेंटिमीटरच्या नळीवर ५० फेऱ्या घाला, डबा आणि नळी प्लॅस्टिकची किंवा पुठ्ठ्याची घ्या, पत्र्याची नको. तारेची टोकं पॉलिशपेपरने नीट खरवडा, नाहीतर जोड लागत नाही. हायस्कूलमधून गॅल्व्हानोमीटर मागून आणा. एक छोटं बटणचुंबक काडीला चिकटवून झटकन कॉइलच्या मध्यापर्यंत न्या आणि तिथेच थांबवा. काटा किती हलला ते बघा, मग हेच दुसऱ्या कॉइलने करा. चुंबक तोच, फेऱ्या तेवढ्याच, तरी नळीवरच्या कॉइलने काटा स्पष्ट जास्त हलतो. हिशेबाने फरक चौपटीच्या आसपास यायला हवा. काट्याचं वाचन तितकं काटेकोर येत नाही, म्हणून प्रत्येक गटाला दहा-दहा वेळा करायला सांगा आणि सरासरी काढा. सरासरी का काढायची, हा प्रश्न कुणीतरी विचारतंच, तेव्हा वर्गमुळाचा मुद्दा तिथेच घेता येईल.